सात नंबरचा दगड

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जात होता, आणि तो शर्ट त्याला दिवसभर टोचत होता.

तीस वर्षं ज्या माणसानं डोंगरबागेची पायवाट राखली, चर उपसले, पायऱ्या बसवल्या, त्याला आता खालच्या फाटकाशी खुर्चीवर बसवून तिकिटं फाडायला लावलं होतं. शिक्षा म्हणून नव्हे हां. बागेच्या साहेबबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, "चौकशी होईपर्यंत जरा सावलीत बसा." आता उन्हात राबणाऱ्याला सावलीत बस म्हणणं आणि थोबाडीत देणं यात फरक तो काय? रोज फिरायला येणारे म्हातारे विचारत, "काय मिस्त्री, बढती झाली वाटतं?" मिस्त्री म्हणे, "पुढं व्हा." त्याची बोटं एवढी जाड आणि भेगाळलेली, की एक तिकीट फाडायला जावं तर दोन हातात यायची. दुसरं परत गुंडाळीत बसवेपर्यंत मागं रांग लागायची.

सगळा घोळ झाला तो आकड्यांमुळे.

डोंगरबाग म्हणजे गावामागचा अख्खा डोंगरच. खाली एक फाटक, वर तलावाशी दुसरं, आणि मधे डोंगराला वळसा घालून जाणारी पाच किलोमीटरची वाट. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाचा हुकूम निघाला की वाटेवर खुणेचे दगड रोवा, त्यांवर आकडे घाला. कुणी पडलं तर आकडा सांगेल आणि माणसं नेमकी तिथं पोचतील. मिस्त्रीनं चोवीस दगड घडवले. रंग नको म्हणाला, रंग दोन पावसाळ्यांत जातो. छिन्नीनं खोल आकडे कोरले. आणि एक नंबर रोवला तो वरच्या फाटकाशी. का? तर मजुरांच्या टोळीचं काम वरून सुरू होतं म्हणून. पाणी वरून येतं. वरचा चर तुंबलेला ठेवून खालचा उपसला तर पहिल्या पावसात केलेलं सगळं वाहून जाईल, हे शेंबडं पोरही सांगेल. सकाळी गाडीनं तलावाशी जायचं आणि काम करत करत खाली उतरायचं. एक, दोन, तीन. यात विचारायचं काय?

कार्यालयातल्या कॉम्प्युटरवाल्यानं नकाशा केला तो खालच्या फाटकापासून. एक, दोन, तीन. तो तरी कशाला विचारील? चालणारा माणूस खालूनच चढतो. कागद कपाटात आणि दगड डोंगरावर. दोन वर्षं दोघांची गाठच पडली नाही.

गाठ पडली ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. एका सकाळी पोस्टातल्या बाई वरच्या फाटकाकडून फिरत येताना पडल्या. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना पोस्टातल्या बाईच म्हणतं. खुबा मोडला. फोन करून त्यांनी सांगितलं, सात नंबर. नकाशातला सात खालच्या फाटकाजवळ, म्हणून अँब्युलन्स खाली आली. आत शिरल्या शिरल्या पहिलाच दगड लागला चोवीस नंबरचा, तेव्हा काय झालंय ते त्या माणसांना कळलं. पण गाडी वळवून पुन्हा गावात यायचं आणि मग घाटानं वर जायचं तर एक तास मोडणार. त्यांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं आणि साडेतीन किलोमीटर चढत सुटले. बाई गाडीत पडेपर्यंत तीन तास गेले.

आणि ती अँब्युलन्स चालवणारी कोण? मिस्त्रीचीच सून!

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिचा खांदा सोलून निघाला होता. उभ्या उभ्या गटागटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "मामंजी, आकडे असे उलटे कोण घालतं?"

अंगणात टोळीतले दोघं बसले होते. त्यांच्यादेखत.

"उलटे नाहीत," मिस्त्री म्हणाला. "आम्ही वरूनच मोजतो."

"आणि पडणारा कुठून मोजतो?"

यावर मिस्त्रीकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस रागावतो. मिस्त्री रागावला आणि गप्प झाला; सून आधीच रागावलेली होती, तीही गप्प झाली. मुलगा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणार. म्हणजे घरात उरली ती एकटी मिस्त्रीण, दोघांच्या मधे.

"आत्या, त्यांना सांगा, दिवा घालवू नका. मला उजाडायच्या आत कपडे धुऊन वाळत घालायचेत."

"तिला सांग, मी दिव्याला हातही लावला नाही."

"मी काय टेलिफोन आहे?" मिस्त्रीण कावायची. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मला मेलीला कसला लाभ? नुसता घसा बसलाय."

असे दोन महिने गेले. मग एका रात्रीच्या जेवणाला सून सासूकडे बघत म्हणाली, "आत्या, त्यांना सांगा, बुधवारी साहेबबाईंनी बैठक लावली आहे. आमच्याकडे पत्र आलंय. कुठल्याही दगडापासून पंचेचाळीस मिनिटांत माणूस गाडीत आला पाहिजे. तशी सोय झाली नाही, तर एक ते बारा नंबरची वाट कायमची बंद. काटेरी तार लावणार."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "कुठला एक ते बारा?" त्यानं भिंतीला विचारलं.

"दगडावरचा," सून पातेल्याला म्हणाली.

म्हणजे वरची वाट. मिस्त्रीचा बाप जिच्यावर राबला, मिस्त्रीचे गुडघे जिच्यावर झिजले, ती. टोळी निम्मी होणार, आणि मिस्त्री जन्मभर सावलीत बसणार. पण खरं दुखलं ते वेगळंच. उद्या लोक म्हणणार, वरची वाट होती बरं का छान, पण मिस्त्रीच्या चुकीनं बंद पडली. त्यानं ताट सारलं.

"पोस्टातल्या बाईंना भेटायला गेलात का एकदा तरी?" सून झोपायला गेल्यावर मिस्त्रीणीनं विचारलं.

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

पोस्टातल्या बाई पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. खिडकीशी खाट, खाटेजवळ चालायची चौकट, उशाशी भिंग आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मिस्त्री दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला. आत यावं की तिथूनच पाया पडून पळावं, हे त्याचं ठरेना.

"या," बाई म्हणाल्या. "तुमचं पार्सल यायला दोन महिने लागले."

"बाई, माझ्यामुळं तुमचा जीव..."

"तुमच्यामुळं माझा जीव वाचला. बसा आधी."

मिस्त्री स्टुलाच्या काठावर बसला. त्याला वाटलं बाई टोमणा मारतायत.

"अहो, पडले तेव्हा चष्मा कुठं उडाला कोण जाणे. चष्म्याशिवाय मला माझा हात दिसत नाही. फोनची बटणं तेवढी बोटांना पाठ. पण सांगू काय? कुठं आहे म्हणून? रंगवलेली पाटी असती तर काय वाचणार होते, कपाळ? सरपटत दगडापाशी गेले आणि बोट फिरवलं. सात लागला बोटाला. स्पष्ट. इतका खोल कोरलाय तुम्ही."

मिस्त्रीनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. बाईंनी तिकडं न बघता भिंग पुसलं.

"तरी तीन तास..." तो कसाबसा म्हणाला.

"तीन तास गेले ते खरंच. आठवलं की अजून संताप होतो. पण तो दगडावर का काढू? आणि सगळ्यात वाईट काय होतं सांगू? खाली गाडी वाजत होती."

"अँब्युलन्स?"

"छे हो, ती कुठली! टँकर. मागं घेताना पीं पीं वाजतो ना, तो. अगदी पायाखाली वाजावा तसा. मी हाका मारून मारून घसा फोडून घेतला. पण तो मेला इंजिन बंद करील तर ऐकेल ना."

मिस्त्री ताठ बसला. साताच्या खाली टँकर? मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी खाण! खाणीच्या खड्ड्यात पाणी साठतं आणि उन्हाळ्यात टँकर तिथंच भरतात. म्हणजे गाडीरस्ता थेट खाणीपर्यंत आहे. आणि तो पोरसवदा असताना बापाबरोबर त्याच खाणीतून पाठीवर दगड लादून सरळ वर चढायचा, पाठवाटेनं. पुढं ट्रक आला, वरच्या फाटकाशी दगड उतरायला लागला, आणि पाठवाट काट्यांत गेली. ती मिस्त्रीच्या डोक्यातूनही बुजली होती.

"बाई, येतो," तो उठला.

"चहा?"

"वाट झाल्यावर घेतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मिस्त्री इस्त्रीच्या शर्टात, हातात कोयता घेऊन खाणीत उभा होता. पाठवाट दिसत नव्हतीच. करवंदीसारख्या काटेरी जाळ्या पुरुषभर वाढल्या होत्या. पण पायांना आठवत होतं. इथं डावीकडं दाबायचं, इथं मोठ्या धोंड्याला हात टेकायचा. धोंडा जागेवर होता; बापानं टेकून टेकून गुळगुळीत केलेली जागाही होती. मिस्त्रीनं तिथं हात ठेवला आणि जरा दम खाल्ला. गुडघे कुरकुरत होते. शर्टाची एक बाही काट्यानं नेली, मग पाठ फाटली. तो पावलं मोजत चढत होता. दोनशे बाराव्या पावलाला जाळीतून डोकं बाहेर काढलं, तर समोर सात नंबरचा दगड.

दोनशे बारा पावलं! आणि आपली माणसं साडेतीन किलोमीटर चढली.

पण उतरताना त्याचा उत्साह जरा मावळला. मोकळा माणूस कसाही उतरेल, घसरेल, बुडावर बसेल. स्ट्रेचर कसं उतरणार? पायऱ्या हव्यात, सरळ नाहीत, वळणावळणाच्या. मग वळण केवढं? दगडाचं त्याला सगळं ठाऊक होतं. स्ट्रेचरचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

फाटकाशी पोचायला त्याला तासभर उशीर झाला. लांबूनच पाहिलं तर रांग लागलेली, आणि खुर्चीवर बसून साक्षात साहेबबाई तिकिटं फाडतायत. त्यांनी मिस्त्रीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक बाही गायब, हातावर रक्ताच्या रेघा, केसांत पाला.

"मिस्त्री, हे काय?"

"बुधवारी सांगतो, बाई."

"आज सांगा."

"आज अर्धंच माहीत आहे. उरलेलं सुनेला विचारायचंय."

"मग विचारा की."

"तेच तर अवघड आहे," मिस्त्री म्हणाला.

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेबबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्याच्या गैरहजेरीचा शेराही मारला नाही.

त्या संध्याकाळी सून ड्युटीवरून आली, बूट काढले, आणि मिस्त्रीनं जमिनीकडं बघत विचारलं, "स्ट्रेचर वळवायला किती जागा लागते?"

मिस्त्रीणीच्या हातातला डाव तसाच राहिला. "मला विचारताय?"

"तुला नाही."

सुनेनं बूट भिंतीशी नीट लावले. मग विचारलं, "उतार किती आहे?"

तिनं 'त्यांना सांगा' म्हटलं नाही. मिस्त्रीणीनं डाव खाली ठेवला आणि सुटकेचा श्वास टाकला.

"चढताना हात जमिनीला लागतो, एवढा," मिस्त्री म्हणाला. त्यानं खाणीचं, टँकरचं, बाईंच्या चष्म्याचं सगळं सांगितलं. सून ऐकता ऐकता उठली. "शिडी कुठं आहे? बाहेर काढा. असं बोलून नाही कळायचं."

शिडी अंगणात आली. शेजारचे तिघं मदतीला आले. पण रिकामी शिडी कोण धरणार, वजन तर हवं.

"मी पडते," मिस्त्रीण म्हणाली. "दोन महिने तुमच्या दोघांच्या मधे उभी आहे. जरा आडवी होते."

चौघांनी शिडी उचलली आणि घराच्या कोपऱ्यावरून वळवली. पहिल्या खेपेला भिंतीला आपटली. दुसऱ्या खेपेला मिस्त्रीण किंचाळली. मिस्त्री विटेचा तुकडा घेऊन जमिनीवर रेघा मारत पुढं पुढं सरकत होता.

"उतरताना पुढच्या माणसाला पाय ठेवायची जागा दिसत नाही," सून म्हणत होती. "तो चाचपत पाय टाकतो. पायरी उंच असली की धक्का बसतो, आणि तो धक्का मोडलेल्या हाडाला जातो."

"वीतभर चालेल?"

"कमी."

"चार बोटं कमी करतो."

"आणि दर दहा पायऱ्यांनी टेकायला जागा हवी. हात भरून येतात मामंजी. त्या दिवशी तर बोटं उघडेनात माझी."

मिस्त्री रेघ मारता मारता थांबला. "खांदा बरा आहे का आता?" त्यानं विचारलं. दोन महिन्यांपूर्वी विचारायचं होतं ते.

"आहे."

"मला उतरवणार आहात का?" शिडीवरून मिस्त्रीण ओरडली. "की पाऊस पडेपर्यंत इथंच?"

बुधवारी कार्यालयात भिंतीवर मोठा नकाशा लावला होता. मिस्त्री सुनेच्या मागं, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कॉम्प्युटरवाल्यानं कार्यालयाचं म्हणणं वाचून दाखवलं. वरचा भाग बंद करावा. खालच्या भागातले जुने दगड उपटून पत्र्याच्या छापील पाट्या लावाव्यात.

मिस्त्रीला सभेत बोलायची सवय नव्हती. तो पुढं झाला, नकाशावर खाण शोधायला लागला. खाण नकाशात नव्हतीच. मग त्यानं खाण जिथं असायला हवी तिथं बोट ठेवलं; भेगाळलेल्या बोटाचा काळा ठसा कागदावर उमटला. "इथं खाण. टँकर इथवर येतो. इथून वर दोनशे बारा पावलं. पायऱ्या बसवल्या की पाचपासून बारापर्यंतचा माणूस इथून उतरेल. एक ते चार वरच्या फाटकातून. बाकीचे खालून." एवढं बोलून तो घामाघूम झाला.

"खाणीच्या रस्त्याला साखळी आहे," सून म्हणाली. "कुलूप आहे. किल्ली कुणाकडं असते?"

साहेबबाईंनी कॉम्प्युटरवाल्याकडं पाहिलं.

"टँकरवाल्याकडं असेल," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "फोन करून मागवता येईल."

"तो आंघोळीला गेला असेल तर पडलेल्यानं थांबायचं? एक किल्ली माझ्या गाडीत हवी. कायमची." ती खाली बसणार होती, पण बसली नाही. "आणि दगड कशाला उपटता? कागद बदला की. पोस्टातल्या बाईंनी चष्मा नसताना बोटानं वाचलाय तो आकडा. पत्र्यावर वाचून दाखवा डोळे मिटून! दगड चोवीस आहेत. तुमचा कागद एक."

मिस्त्री सुनेकडं बघतच राहिला. ऊर भरून येणं म्हणतात ते हेच असावं. त्याला खोकला आल्यासारखं करावं लागलं.

साहेबबाई उठून नकाशाजवळ गेल्या. "या नकाशावर सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "सही करण्याआधी मी एकदा चालून बघायला हवं होतं. चूक एकट्या मिस्त्रींची नाही."

"मीही कधी इथं येऊन कागद बघितला नाही," मिस्त्री पुटपुटला.

"बारा दिवस देते. पावसाच्या आत चाचणी घेऊ. पंचेचाळीस मिनिटांच्या वर एक मिनिट जरी गेलं, तरी मला तार लावावीच लागेल. माझ्यावरही वरचे आहेत."

बारा दिवस! टोळीतली सहा माणसं आणि सातवा मिस्त्री. पहिले दोन दिवस नुसती जाळी तोडण्यात गेले. मग खाणीतले पडीक दगड निवडायचे, पहारीनं उलथायचे, सरकवत आणायचे, दोरी लावून बसवायचे, हलतात का पाहायचे, पाचर ठोकायची. हवा कुंद झाली होती. दुपारी ढग जमायचे, अंगातून पाणी निथळायचं, आणि सगळे वर बघून म्हणायचे, अजून नको रे बाबा. मिस्त्रीचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला. मिस्त्रीण रोज संध्याकाळी गरम पाण्याचं फडकं लावायची आणि रोज तीच शिवी द्यायची.

पायऱ्यांचं काम मात्र वरून होत नाही. वरची पायरी खालचीवर बसते, तेव्हा सुरुवात तळापासून. टोळीला आयतं कोलीत मिळालं.

"मिस्त्री, खालून वर निघालात! तब्येत बरी आहे ना?"

"आकडे कुठून घालायचे तेवढं आधी सांगा हां, सुनबाईंना विचारून!"

"आकडे नाहीत घालायचे," मिस्त्री म्हणायचा. "हात चालवा." पण मनातल्या मनात तो मोजत होता. खड्या चढावर चौसष्ट पायऱ्या, सहा टेकायच्या जागा, सात वळणं. प्रत्येक वळणावर तो अंगणातली शिडी आठवायचा, आणि शिडीवर किंचाळणारी बायको.

चाचणीच्या सकाळी साहेबबाई घड्याळ घेऊन साताशी उभ्या होत्या. "रुग्ण म्हणून कोण पडणार? सगळ्यात जड माणूस कोण आहे टोळीत?"

सहाच्या सहा बोटं मिस्त्रीकडं वळली.

मिस्त्री दगडाशेजारी आडवा झाला. फोन लावला. पलीकडून सूनच बोलली, पण ओळख न दाखवता. "कुठं आहात?"

"सात नंबर."

"हलू नका. येतोय."

साहेबबाईंनी बटण दाबलं. आणि मग काहीच झालं नाही. मिस्त्री पडून राहिला. एक खडा पाठीत रुतत होता. मुंगळा मानेवरून गेला. ऊन पापण्यांतून आत येत होतं. अर्धा दिवस गेला असं वाटून त्यानं विचारलं, "किती झाली?"

"चार मिनिटं."

चार! मग तीन तास म्हणजे किती? त्यानं डोळे मिटले, हात वर केला आणि दगडावर बोट फिरवलं. सात लागला. तो बोट तिथंच ठेवून पडून राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला बाईंची ती सकाळ खरोखर कळली.

मग खालून साखळी पडल्याचा आवाज आला, आणि इंजिन. पायऱ्यांवर पावलं वाजायला लागली. सून सगळ्यात पुढं होती. दम लागला होता, तरी थांबली नाही. तिनं त्याचा पाय तपासला, फळी लावली, पट्टे आवळले. खरोखर मोडल्यासारखं सगळं. चौघांनी उचललं.

मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पायऱ्यांवरून पाय न टेकता उतरत होता. वर नुसतं आभाळ. तो कानानं मोजत होता. वरून. सवय जाते का? दहा झाल्या, टेकले. वळण, शिडी भिंतीला आपटली नाही. वीस. तीस. मग उचलणाऱ्यांच्या पायाखाली बारीक खट्ट झालं.

"एकतिसावी हलते!" मिस्त्री ओरडला.

"रुग्णानं बोलायचं नाही," सून म्हणाली.

गाडीचं दार लागलं तेव्हा साहेबबाई मागून पायऱ्या उतरत आल्या. घड्याळ पुढं धरलं. "अडतीस मिनिटं." "तार नको आता. मिस्त्री, उद्यापासून तुम्ही टोळीवर. खुर्चीवर दुसरं कुणीतरी बघते. तशीही तुम्ही तिकिटं दोन दोनच फाडता."

टोळीनं एकच गिल्ला केला. सुनेनं पट्टे सोडले आणि म्हणाली, "पुढं बसा मामंजी. घरी सोडते."

मिस्त्री गुडघा सांभाळत पुढच्या सीटवर चढला. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यानं समोरची झडप खाली ओढली. झडपेच्या आतल्या बाजूला नकाशा चिकटवलेला होता. कार्यालयाचाच, छापील. पण त्यातले चोवीसच्या चोवीस आकडे एकेक करून खोडले होते आणि शेजारी पेनानं दुसरे लिहिले होते. वरच्या फाटकाशी एक. मग दोन, तीन. दगडांप्रमाणे. खाणीपाशी लिहिलेलं ताजं, निळं होतं. बाकीची शाई मात्र पार फिकी पडली होती, आणि चिकटपट्टी कडेनं पिवळी.

मिस्त्री बघत राहिला. "हे कधी केलंस?"

सून गाडी मागं घेत होती. "बाई पडल्या त्याच दिवशी. गाडी धुतली तेव्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणी पडलं असतं तर?"

"म्हणजे घरी यायच्या आधी?"

"आधी."

"मग घरी येऊन मला बोललीस ते?"

"ते बोलायचंच होतं," ती म्हणाली. "खांदा सोलला होता माझा."

मिस्त्रीला हसूच फुटलं. मग त्याला आणखी काहीतरी व्हायला लागलं, म्हणून त्यानं झडप वर सारली आणि समोर बघत बसला. खाणीची साखळी मागं पडली. तिची किल्ली आरशाला लोंबत होती.

"ती एकतिसावी," तो म्हणाला.

"माहीत आहे. माझाच पाय पडला तिच्यावर. दुपारी सुटते मी. पहार आणू की नुसती पाचर?"

"दोन्ही आण," मिस्त्री म्हणाला.